बुलढाणा जिल्ह्यातील बदलता परिसर आणि कोळ्यांचे अनुकूलन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास सामान्यतः सिंदखेडराजाचे जाधव घराणे, १८५३ चा वऱ्हाडाचा करार, खामगावची कापूसपेठ आणि शेगावचे देवस्थान या क्रमाने लिहिला जातो. या इतिहासात जमीन येते ती महसुलाच्या निमित्ताने आणि जंगल येते ते शिकारीच्या किंवा राखीव वनांच्या निमित्ताने. त्याच जमिनीवर आणि त्याच जंगलात वावरणाऱ्या लहान जीवांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने प्राणिशास्त्राकडे सोपविलेला असतो. आणि प्राणिशास्त्र त्याला क्वचितच काळाचा संदर्भ देते. प्रस्तुत लेखात कोळी या एका जीवगटाच्या आधारे या दोन अभ्यासशाखांमधील रिकामी जागा काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याची निवड सोयीची ठरते. उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याचा पायथा, मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार अशी या जिल्ह्याची रचना आहे. जुन्या वऱ्हाडी व्यवहारात खोऱ्याला पयनघाट आणि पठाराला बालाघाट म्हणत. पूर्णेच्या खोऱ्यातच खारपाण पट्टा आहे. तेथील भूजल खारे असून जमीनही क्षारयुक्त आहे. दक्षिणेकडे लोणारचे विवर आहे. एका जिल्ह्याच्या सीमेत इतके भिन्न परिसर असणे आणि त्यांतील बहुतेक गेल्या १७० वर्षांत माणसाच्या हातून बदललेले असणे, ही दोन्ही कारणे येथे एकत्र येतात.

प्रारंभीच एका शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ‘अनुकूलन’ हा शब्द मराठीत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत होत शरीरात किंवा वर्तनात घडून आलेला बदल ही पहिली गोष्ट. आणि आधीपासून जवळ असलेल्या साधनांच्या बळावर नव्या परिस्थितीत निभाव लावणे ही दुसरी. कोळी सर्वत्र आढळतो, शेतात आढळतो, घरात आढळतो, म्हणून तो बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतो असे जे सहज म्हटले जाते, त्यात या दोन अर्थांची सरमिसळ झालेली असते. बुलढाण्यातील शेतीचा इतिहास पाहिल्यास ही सरमिसळ किती महागात पडू शकते, हे ध्यानात येते.

कोळ्याची मूळ शिदोरी

कोळ्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या पायाखालचा बेसाल्ट खडक ज्या लाव्हापासून बनला, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे जिल्ह्याची भूमी घडत होती, तेव्हा कोळ्यांची तंतू काढण्याची कला कित्येक कोटी वर्षे जुनी झालेली होती. २०२२ मध्ये जगातील नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या ५०,००० च्या वर गेली. ध्रुवीय प्रदेशांचा शेवटचा बर्फाळ भाग आणि खुला समुद्र वगळता बहुतेक सर्व ठिकाणी त्यांचा वावर आहे. या प्रसाराच्या मुळाशी तीन-चार गोष्टी आहेत.

पहिली अर्थातच तंतू. कोळी म्हटले की जाळे डोळ्यांसमोर येते; परंतु निम्म्याच्या आसपास जाती शिकारीसाठी जाळे विणतच नाहीत. तंतू मात्र सर्वच कोळी काढतात. अंड्यांची पिशवी, बिळाचे अस्तर, उडी घेताना मागे सोडलेला दोर, कात टाकण्यासाठी केलेली खोली आणि हवेतून जाण्यासाठीचे साधन, या सर्वांसाठी तंतूच उपयोगी पडतो. आठ पायांच्या या जीवाने घर, हत्यार आणि वाहन अशी तिन्ही कामे आपल्या शरीरातून निघणाऱ्या तंतूवर सोपविली आहेत. मुण्डकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीसाठी कोळ्याचा दृष्टांत आला आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत कोळी गणला गेला, तो या निरीक्षणामुळेच. स्वतःतून काढलेला तंतू कोळी पुन्हा गिळतो, हे त्या निरीक्षणातील तपशील आधुनिक प्राणिशास्त्रालाही मान्य आहे. वर्तुळाकार जाळे विणणाऱ्या अनेक जाती रोज जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातील प्रथिनांतून नवे विणतात.

दुसरी गोष्ट उपासाची क्षमता. आकारमानाच्या मानाने कोळ्याच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय फार कमी असतो. प्रयोगशाळेत काही लांडगा कोळी अन्नाशिवाय २०० दिवसांहून अधिक काळ जिवंत राहिल्याची नोंद आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड अशा प्रदेशात या क्षमतेचे मोल वेगळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट हवाई प्रवासाची. लहान कोळी उंच गवताच्या टोकावर चढतो, पोट वर करतो, तंतू हवेत सोडतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. १८३२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो कोळी उतरलेले पाहिले, तेव्हा जहाज किनाऱ्यापासून सुमारे ६० मैल दूर होते. १८८३ च्या उद्रेकाने क्राकाटोआ बेट निर्जीव झाले, त्यानंतर १८८४ मध्ये तेथे गेलेल्या फ्रेंच पथकाला एकच सजीव प्राणी दिसला. तो एक सूक्ष्म कोळी होता आणि त्या ओसाड राखेवर त्याने जाळे विणावयास घेतले होते. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील प्रयोगांत असे आढळले की, वारा नसतानाही वातावरणातील विद्युत्‌क्षेत्राच्या संवेदनेने कोळी तंतू सोडून उचलला जाऊ शकतो.

या बलस्थानांसमवेत एक मोठी उणीवही आहे. कोळ्याच्या पायातील काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय आखडतो तो स्नायूंनी आणि ताणला जातो तो शरीरातील द्रवाच्या दाबाने. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात, त्याचे कारण हेच. शरीरातील पाणी घटले की शिकार आणि पलायन ही दोन्ही कामे मंदावतात. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाणाऱ्या वऱ्हाडात कोळ्याची खरी परीक्षा भुकेपेक्षा तहानेची असते. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा, दगडांखालची ओल, झाडाच्या सालीमागची सावली यांचे महत्त्व यातून स्पष्ट होते. पावसाळ्यात काळी माती फुगते, भेगा बुजतात आणि जमिनीवरील कोळ्यांना तो आसरा सोडून द्यावा लागतो. तोवर सुदैवाने गवत वाढलेले असते.

माळावरील वसाहत

कोरड्या प्रदेशातील जीवनाचे एक ठळक उदाहरण म्हणजे सामाजिक कोळी, स्टेगोडिफस सारासिनोरम. भारताच्या कोरड्या भागांत बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्यांवर, कुंपणांवर, क्वचित तारांवर मळकट, चिंधीसारखा तंतूंचा गोळा दिसतो. कचरा म्हणून दुर्लक्षिला जाणारा हा गोळा म्हणजे दहापासून कित्येक शे कोळ्यांचे एकत्रित घर असते. १८९२ मध्ये कार्श या जर्मन अभ्यासकाने श्रीलंकेतील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. जगातील कोळ्यांच्या हजारो जातींपैकी कायमस्वरूपी सहजीवन जगणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. त्यांतील ही एक.

हिच्या जाळ्याचे वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. बागेत दिसणाऱ्या वर्तुळाकार जाळ्याच्या तंतूंवर चिकट द्रवाचे थेंब असतात. हे थेंब हवेतील बाष्प शोषून आपला चिकटपणा राखतात. त्यामुळे अतिशय कोरड्या हवेत त्यांची कार्यक्षमता घटू शकते आणि धूळ बसली की जाळे निकामी होते. स्टेगोडिफसच्या जाळ्यात असा द्रव नसतो. मागच्या पायांवरील केसांच्या फणीने पिंजून काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंचा तो कोरडा कापूसच असतो आणि कीटकाचे पाय त्यात गुंतून पडतात. धुळीच्या, कोरड्या माळावर असे जाळे दीर्घकाळ उपयोगी राहते. मोठा टोळ किंवा भुंगा अडकल्यास अनेक कोळी मिळून त्याला आवरतात. एकट्या कोळ्याला न झेपणारी शिकार त्यामुळे शक्य होते. पिले वाढू लागली की माद्या आपले शरीरच त्यांना अन्न म्हणून देतात. मानवी नीतिकल्पना लावून या गोष्टीकडे पाहण्यात अर्थ नाही. अन्नाची शाश्वती नसलेल्या भूमीत पुढील पिढीला दिलेली ती साठवण आहे, इतके म्हणता येते.

मात्र सहजीवनाची किंमतही आहे. वसाहतीतील कोळी बहुधा आपसांतच प्रजनन करीत असल्याने त्यांच्यातील आनुवंशिक वैविध्य फार कमी असते. ज्या काटेरी झुडपावर वसाहत असते, ते तोडले गेले तर एका कोळ्याची हानी होत नाही, संपूर्ण घराणे जाते. माळ, कुंपण आणि बांध यांवर हा कोळी किती अवलंबून आहे, हे यावरून कळावे.

लोणार : विवरातील वर्तुळे

लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने सुमारे ५,७०,००० वर्षे येते. ‘ऐन-ए-अकबरी’त या स्थळाचा आणि तेथील काच व साबण यांसाठी उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. २००० मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कोळ्यांच्या दृष्टीने लोणारचे महत्त्व त्याच्या पाण्यात नाही. ते पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी असून त्यात कोळ्याला स्थान नाही. महत्त्व आहे ते पाण्याभोवतीच्या वर्तुळांचे. पाण्यालगत क्षारांची पांढुरकी साय धरणारा उघडा चिखल, त्यापलीकडे वेड्या बाभळीची झाडी, नंतर उतारावरचे साग व इतर पानझडी वृक्ष, मध्येच धारेचे आणि सीतान्हाणीचे गोडे पाणी, जुन्या मंदिरांच्या दगडी सांदी आणि काठावर पोहोचताच शेती व गाव. माणूस अर्ध्या तासात उतरून जातो, इतक्या अंतरात हे सारे येते.

उघड्या चिखलावर जाळे बांधण्यास आधार नसतो. अशा काठांवर जगभर पळत शिकार करणारे लांडगा कोळी प्रामुख्याने आढळतात. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून फिरते आणि पिले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेते. पाण्याची पातळी पुढे-मागे सरकणाऱ्या काठावर घर एका जागी नसणे हीच सुरक्षितता ठरते. झाडीत मात्र दोन खोडांमधील मोकळी जागा मिळते आणि तेथे वर्तुळाकार जाळ्यांचा पसारा सुरू होतो. सालीखाली चपटे कोळी, फुलांवर रंग लपवून बसणारे खेकडा कोळी, दगडांच्या सांदीत लांब पायांचे कोळी अशी विभागणी होत जाते. येथे एकाच जातीने सर्व परिस्थितींशी जुळवून घेतलेले नाही. प्रत्येक वर्तुळाने आपल्याला मानवणारी कुळे निवडलेली आहेत. ‘कोळी कोठेही राहू शकतो’ हे विधान गटाबद्दल खरे आहे, जातीबद्दल बहुधा खरे नाही.

वेड्या बाभळीचा प्रश्न या संदर्भात गुंतागुंतीचा आहे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. सरोवराच्या काठावर ते दाट वाढले आणि स्थानिक वनस्पतींना त्याने मागे सारले. त्याचे निर्मूलन करणे योग्यच आहे. तथापि कोळ्याला झाडाची जात कळत नाही, त्याला फांद्यांची रचना कळते. झाडी एकाच हंगामात सरसकट काढली आणि त्या जागी दुसरी उभी राहिली नाही, तर परकीय वनस्पतीबरोबर तिच्या आधाराने राहणारे देशी कोळीही जातील.

कापूस आणि धुरा

१८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. त्या वेळी या प्रदेशात पडीक जमिनीचे प्रमाण मोठे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळकडून येणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ बनले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पयनघाटातील पडीक जमीन आणि गवताळ भाग मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आले. वनखात्याच्या ताब्यात गवतासाठीचे रमणे आणि बाभूळबने तेवढी तुकड्या-तुकड्यांनी उरली.

गवताळ परिसरातील कोळ्यांच्या दृष्टीने हा मोठा आघात होता. तो किती मोठा होता, हे मोजण्याचे साधन त्या काळी कोणी निर्माण केले नाही. वसाहतकालीन गॅझेटियरांचे लक्ष मोठ्या जनावरांवर आणि शिकारीच्या पक्ष्यांवर होते. परंतु त्याच प्रशासनाच्या एका निर्णयाचा अनपेक्षित परिणाम येथे नोंदवावासा वाटतो. वऱ्हाडात रयतवारीची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. त्या पद्धतीत सर्व्हे नंबरांच्या हद्दी दगडांनी आणि न नांगरलेल्या पट्ट्यांनी दाखविण्याची रीत होती. शेतांमध्ये सीमेवर जमीन सोडण्याची चाल पूर्वीही होतीच. आता तिला महसुली कायद्याचे पाठबळ मिळाले. या पट्ट्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. धुऱ्यावर बोर, बाभूळ, कडुनिंब, पवन्या आणि कुसळी गवत वाढले. सारावसुलीच्या सोयीसाठी आखलेल्या या रेषांचे जाळे साऱ्या पयनघाटावर पसरले आणि नांगरटीने उठविलेल्या कोळ्यांना तेच आश्रयस्थान झाले.

शेत आणि धुरा यांचा संबंध समजून घेतल्याशिवाय शेतातील कोळ्याचा इतिहास समजणार नाही. खरीप पिकाचे शेत हे दरवर्षी नव्याने निर्माण होणारे आणि दरवर्षी नष्ट होणारे घर आहे. मे महिन्यात तेथे उघडी, भेगाळलेली जमीन असते. जुलैत रोपे उभी राहतात, सप्टेंबरमध्ये दाट छाया होते, पुढे वेचणी, उपटणी आणि पुन्हा नांगर. अशा शेतात कायम वास्तव्य करणे बहुसंख्य कोळ्यांना शक्य नसते. धुऱ्यावरील गवतात पावसाळ्याच्या सकाळी दवाने उजळून दिसणारी हिप्पासा या लांडगा कोळ्याची नरसाळ्यासारखी जाळी, कपाशीच्या पानांवर दबा धरणारे ऑक्सिओपिस, हिरवेगार प्युसेशिया, दोन ओळींमध्ये रात्री जाळे टाकणारे निओस्कोना या साऱ्यांना हंगामाच्या सुरुवातीस शेतात यावे लागते, काही पायी आणि बरेच हवेतून, आणि हंगाम संपताच परतावे लागते किंवा मरावे लागते.

म्हणजे शेतातील कोळी शेताशी अनुकूल झालेला नसतो. तो दरवर्षी बाहेरून येणारा प्रवासी असतो आणि गवताळ प्रदेशासाठी घडलेली जुनी शिदोरी तो नव्या ठिकाणी वापरीत असतो. कपाशीबरोबर ज्वारी आणि तुरीच्या ओळी घेण्याची जुनी वऱ्हाडी पद्धत या प्रवाशाला मानवणारी होती. कापूस वेचून झाला तरी तूर उभी असे. एक पीक निघताना दुसऱ्याचा आधार मिळे. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या संकटातही धुऱ्यावरील काटेरी झुडपे उभी राहिली की पुढील पावसाळ्यात शेत पुन्हा वसविण्यास बीज उरे, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

फवारणीचा काळ

स्वातंत्र्यानंतर देशी कपाशीची जागा हळूहळू अमेरिकन आणि संकरित वाणांनी घेतली. १९७० मध्ये एच-४ हा पहिला व्यापारी संकरित वाण आला. देशी कपाशी रसशोषक किडींना बऱ्याच अंशी दाद देत नसे. संकरित वाणांना फवारणीची जोड लागली. १९८० च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे आली. १९९० च्या दशकात देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र व्यापणाऱ्या कापसावर एकूण कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास वापरली जात होती.

येथे अनुकूलनाच्या दोन अर्थांमधील फरक उघड होतो. हिरव्या बोंडअळीने थोड्याच वर्षांत या औषधांना प्रतिकार विकसित केला. तिच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात, संख्या प्रचंड असते आणि फवारलेले पीकच तिचे अन्न असल्याने निवडीचा दाब तिच्यावर सतत राहतो. पहिल्या अर्थाचे अनुकूलन तिला साधले. कोळ्याला ते साधण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्याच्या पिढ्या वर्षाला थोड्या, संख्या मर्यादित, आणि फवारणीतून वाचलेल्या कोळ्यांचे धुऱ्यावरील न फवारलेल्या कोळ्यांशी सतत मिश्रण होणार. शिवाय भक्ष्य कीटकच कमी झाले की वाचलेल्यालाही उपासमार. पायरेथ्रॉइड गटातील औषधे कोळ्यांना विशेष घातक आहेत. प्राणघातक नसलेल्या मात्रेतही कोळ्याच्या जाळ्याची रचना बिघडते, असे प्रयोगांत दिसले आहे. किडीने औषधावर मात केली आणि किडीचा शत्रू औषधाने गेला, असा उलटा न्याय कपाशीच्या शेतात झाला.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीतील प्रथिन मुख्यतः अळीवर्गीय किडींवर परिणाम करणारे असल्याने कोळ्यांवर त्याचा थेट दुष्परिणाम ठळकपणे आढळलेला नाही आणि प्रारंभीची काही वर्षे फवारण्या घटल्या, हे मान्य केले पाहिजे. पुढे रसशोषक किडी वाढल्या, २०१७ च्या सुमारास गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटीलाही दाद देणे बंद केले आणि फवारण्या परत आल्या. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या फवाऱ्याने माणूस मरतो, त्याखाली कोळ्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, आणि ते साहजिकही होते.

दरम्यान आणखी एक बदल फारसा गाजावाजा न होता घडला. जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते. सर्व शेतांतून ते जवळजवळ एकाच वेळी कापले जाते. तुरीचा आधार नसेल तर ऑक्टोबरमध्ये शिवार एकदम उघडे पडते. वारसाहक्काच्या वाटण्यांनी शेते लहान झाली, तसा प्रत्येक जण धुऱ्याकडून एक-एक तास ओढू लागला. ट्रॅक्टरला वळण्यासाठी आणि तणनाशकाला मारण्यासाठी धुरा सोपा पडला. कोळ्याच्या दृष्टीने शेतातील फवारणीपेक्षाही ही गोष्ट अधिक गंभीर मानावी लागते. शेत एका हंगामात मोकळे झाले तरी हवेतून येणारे कोळी ते पुन्हा भरून काढतात. परंतु ते जेथून निघतात, ती जागाच नाहीशी झाली तर हवाई प्रवासाची क्षमता निरुपयोगी ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात. त्यातील फार मोठा वाटा जंगले आणि गवताळ प्रदेश यांतील आहे, पिकांच्या शेतांचा वाटा अगदी थोडा आहे.

घरातील कोळी

सर्वच कोळी माणसाच्या हालचालींत हरले, असे नाही. क्रॉसोप्रायझा लायोनी हा लांब पायांचा, आढ्याला उलटा लोंबणारा कोळी १८६७ मध्ये ब्लॅकवॉल यांनी भारतातील नमुन्यांवरून वर्णिला. आज तो उष्ण कटिबंधातील घराघरांत आहे. प्लेक्सिपस हा उडी मारणारा कोळी भिंतीवर माश्या टिपताना दिसतो. गुहा, खडकांच्या कपारी आणि झाडांच्या ढोली यांसाठी घडलेल्या जातींना घर ही एक मोठी, कोरडी कपारच वाटली असावी. खाली वाकलेली धाब्याची आणि मातीची घरे जाऊन विटा-सिमेंटची आली तरी त्यांचे विशेष बिघडले नाही. रस्त्यांवर आणि अंगणात दिवे आले, त्यांवर कीटक आले आणि दिव्यापाशी जाळे बांधणाऱ्यांची सोय झाली. दिवाळीपूर्वी जळमटे काढली जातात, महिनाभरात ती पुन्हा येतात. घरातील हे मोजके यशस्वी कोळीच रोज नजरेस पडतात आणि कोळी हा जीव कशालाही पुरून उरतो, हा समज त्यांच्यामुळे दृढ होतो.

नोंदींविषयी

भारतीय कोळ्यांच्या पद्धतशीर अभ्यासात आर. आय. पोकॉक यांचा १९०० मधील ग्रंथ हा पहिला मोठा टप्पा होय. त्यानंतर दीर्घ काळ काम मंदावले. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील बी. के. टिकाडर यांनी १९८० आणि १९८२ मधील खंडांत व १९८७ मधील हस्तपुस्तिकेत ते पुढे नेले. १९८७ मध्ये भारतातील नोंदलेल्या जाती १,०६७ होत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत त्या १,६८६ झाल्या. २५ वर्षांतील ही वाढ कोळ्यांची नसून पाहणाऱ्यांची आहे. त्यात अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील अभ्यासकांचा वाटा लक्षणीय आहे.

मात्र अभ्यासकांचा ओढा साहजिकच मेळघाट आणि इतर संरक्षित वनांकडे राहिला. बुलढाणा जिल्ह्यात १९९७ मध्ये घोषित झालेली ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, लोणार आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी-१ सी-१ हा वाघ ३,००० किलोमीटरहून अधिक भटकून ज्ञानगंगेत पोहोचला, तेव्हा त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे त्याचा मार्ग नकाशावर उमटला. त्या मार्गात शेकडो शिवारे आणि असंख्य धुरे होते. त्या धुऱ्यांवरील कोळ्यांच्या जातींची यादी, त्यांचे महिनावार प्रमाण, धुऱ्याची रुंदी आणि शेजारच्या पिकातील कोळ्यांची संख्या यांचा परस्परसंबंध, हे सारे तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही करता येण्यासारखे काम आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक चौरस मीटरची चौकट, जमिनीत पुरावयाचे डबे, भिंग आणि सर्व्हे नंबरांचा जुना नकाशा. पाहणी सहसा पावसाळ्यानंतर, जाळी सहज दिसतात त्या दिवसांत केली जाते. धुरा कोणाला जगवितो, याचे उत्तर मात्र मे महिन्यातील पाहणीत आहे, कारण तेव्हा शेत रिकामे असते आणि जो कोळी शिल्लक असेल तो धुऱ्यावरच्या गवताच्या बुडख्यात, बोरीच्या फांदीवरील गोळ्यात किंवा हद्दीच्या दगडाखाली असतो.